थेंब मुळाशी पोहोचला का?

काही दिवसांपूर्वी बाह्यरुग्ण विभागात कळसाडीहून एक आजोबा आले होते. वय सत्तरीच्या आसपास. सोबत बारावी सायन्स झालेला नातू. आजोबांच्या उजव्या गालाच्या आत, वर्षानुवर्षे तंबाखूचा बार धरण्याच्या जागी, नाण्याएवढा पांढरट-लाल चट्टा होता आणि त्याच्या मधोमध न भरणारी जखम. "किती दिवस झाले, आबा?" मी विचारले. "पपईची लागवड केली तेव्हापासून आहे," ते म्हणाले. हिशेब केला तर चार महिने निघाले.

मी बायोप्सीचे बोलायला सुरुवात केली, तेवढ्यात नातवाने मोबाइल पुढे केला. त्यावर एक चित्रफीत होती. सोन्याचे अतिसूक्ष्म कण रक्तातून वाहत गाठीपर्यंत जातात, बाहेरून लेसर पडतो, कण तापतात, त्यांच्यावर बसवलेले औषध सुटते आणि पडद्यावर ते औषध सुटताना चमकते. दोन मिनिटांत कॅन्सर खलास. "सर, ऑपरेशन नको म्हणतात आबा. हे आपल्याकडे कधी येईल? तोवर थांबलं तर चालेल का?"

या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. पहिला विज्ञानाचा आहे, त्याचे उत्तर लांबलचक आणि आशा देणारे आहे. दुसरा आबांच्या जिवाचा आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे आहे: नाही. आजच्या लेखात दोन्ही उत्तरे देतो, कारण हा प्रश्न एकट्या नातवाचा नाही. तशा चित्रफिती सगळ्यांच्याच मोबाइलवर फिरत आहेत.

उष्णता आणि सोने

उष्णतेने कॅन्सरवर उपचार करणे ही थोतांडाची गोष्ट नाही, हे आधी सांगतो. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस. गाठीचा भाग ४१ ते ४५ अंशांपर्यंत काही वेळ तापवला तर तिच्यातल्या पेशी दुबळ्या होतात, त्यांना स्वतःची डागडुजी जमत नाही, रक्तपुरवठा वाढतो आणि किरणोपचार किंवा औषध यांचा घाव जास्त खोल बसतो. तापमान त्याहून बरेच वर नेले तर पेशी सरळ शिजून मरतात. नेदरलँड्समध्ये गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेली चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. नुसत्या किरणोपचाराने तीन वर्षांनी २७ टक्के स्त्रिया हयात होत्या. किरणोपचाराला उष्णतेची जोड दिलेल्या गटात ५१ टक्के.

अडचण वेगळी आहे. गाठ तापवायची आणि शेजारची निरोगी पेशी थंड ठेवायची, हे कसे साधायचे? इथे सोने येते. सोन्याचा कण काही दशलक्षांश मिलिमीटरचा केला की तो पिवळा राहत नाही. गोल बारीक कणांचे पाणी माणकासारखे लाल दिसते, कारण ते हिरवा प्रकाश गिळतात. कणाचा आकार बदलला, त्याची कांडी केली, त्रिकोण केला किंवा पोकळ कवच केले, तर तो हिरव्याऐवजी लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश गिळू लागतो. हा प्रकाश आपल्या मांसातून त्यातल्या त्यात सहज आत शिरतो. रात्री बॅटरीवर तळहात दाबून पाहा, बोटांच्या कडा लाल उजळतात. लालकडचा प्रकाश मांसातून पार होतो आणि बाकीचा अडतो, म्हणून तसे दिसते. अवरक्त प्रकाश त्याहून थोडा जास्त आत जातो. वाटेत निरोगी मांसाला तो फारसा तापवत नाही, सोन्याला मात्र तापवतो. जिथे सोने तिथे ऊब, असा हा हिशेब.

या कामात महाराष्ट्र मागे नाही, हे नातवाला मुद्दाम सांगितले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गवती चहाच्या कुळातल्या गवताचा अर्क वापरून सोन्याचे त्रिकोणी कण तयार केले. ते काम २००४ साली 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात आले. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात आणि पुढे गाठी तापवण्यासाठी उपयोगी पडू शकतील, हे तेव्हाच नोंदवले गेले.

त्यानंतरचे पाऊल मुंबईत पडले. पवईच्या आयआयटीतले रोहित श्रीवास्तव, खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'अॅक्ट्रेक' संस्थेतले अभिजित डे, संशोधक अरविंद रेंगन आणि सहकारी यांनी चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यावर, म्हणजे लायपोसोमवर, सोन्याचा थर चढवला. उंदरांमध्ये वाढवलेल्या गाठींवर ७५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा लेसर टाकल्यावर गाठी पूर्ण नाहीशा झाल्या. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते दुसरे निरीक्षण. काम झाल्यावर हे कण यकृतातल्या पेशींमध्ये मोडतात आणि पित्तावाटे व मूत्रावाटे शरीराबाहेर पडतात. सोने झिजत नाही, गंजत नाही. दागिन्यासाठी तो गुण आहे. यकृतात आणि प्लीहेत वर्षानुवर्षे अडकून राहणाऱ्या कणासाठी तोच दोष ठरू शकतो. हा शोधनिबंध २०१५ साली 'नॅनो लेटर्स'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषध नव्हते, नुसती उष्णता होती.

मोटर चालू आहे, पण पाणी?

पुढची कल्पना साहजिक आहे. कण गाठीपर्यंत जाणारच असेल तर त्याच्यावर औषधही का लादू नये? प्रकाश पडला, कण तापला की औषध तिथेच सुटेल. बाकी शरीराला त्याचा त्रास कमी.

ही कल्पना आबांना समजवायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत, कारण त्यांच्या पपईला ठिबक आहे. नेहमीची केमोथेरपी म्हणजे पाटाने पाणी सोडणे. सगळे शेत भिजते, तण भिजते, बांध भिजतो आणि झाडालाही थोडे मिळते. केस जाणे, उलट्या, तोंड येणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्या भिजलेल्या बांधाचे परिणाम. डॉक्सोरुबिसिन नावाचे लाल रंगाचे औषध आम्ही स्तनाच्या कॅन्सरसाठी आणि काही रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरतो. ते हृदयाच्या स्नायूला इजा करते, म्हणून एका माणसाला आयुष्यभरात किती द्यायचे याची मर्यादा ठरलेली आहे. सोन्याच्या कणावरून नेलेले औषध म्हणजे ठिबक. थेंब थेट मुळाशी.

मग मी आबांना विचारले, "मोटर चालू केली की झाडाला पाणी मिळालं असं धरता का?" ते हसले. म्हणाले, "असं कसं? ड्रिपर चोक असतो, नळी उंदरानं कुरतडलेली असते. चालत जाऊन बघावं लागतं, खालची माती ओली झाली का."

सबंध विषयाचा गाभा या उत्तरात आहे. नसेतून कण सोडले, लेसर चालू केला, म्हणजे औषध गाठीत उतरले असे होत नाही. टोरांटोच्या संशोधकांनी २०१६ साली आधीच्या दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. नसेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण मध्यमानाने ०.७ टक्के निघाले. हजारात सात. उरलेले बहुतेक यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात, कारण परक्या कणांची झाडलोट करणे हे त्यांचे कामच आहे. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि म्हणून कण तिथे साचतात, ही १९८६ साली जपानी संशोधकांनी मांडलेली गोष्ट खरी आहे. पण ती प्रत्येक माणसात, प्रत्येक गाठीत आणि एकाच गाठीच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखी खरी नाही. गाठीच्या मध्यभागी रक्तच पोहोचत नसेल तर कण कुठून पोहोचणार?

म्हणून पाहावे लागते. पाहणे म्हणजे एकच गोष्ट नव्हे, तीन वेगवेगळ्या गोष्टी. कण पोहोचला का? ऊब पोहोचली का? औषध सुटले का? चित्रफितीत या तिन्ही गोष्टी एकाच चमकेत दाखवतात. प्रत्यक्षात तिन्हींची साधने वेगळी आहेत.

तीन प्रश्न, तीन नजरा

कण पोहोचला का, हे त्यातल्या त्यात सोपे. सोने हा जड धातू आहे, तो क्ष-किरण अडवतो. पुरेसे सोने साचले असेल तर सीटी स्कॅनमध्ये ती जागा उजळ दिसते. पण सीटीला फक्त सोने दिसते. त्यावरचे औषध अजून चिकटून आहे, सुटले आहे, की वाटेतच गळून गेले, याबद्दल सीटी काही बोलत नाही. नळी शेतापर्यंत पोहोचल्याचे दिसते, ओली माती दिसत नाही.

ऊब पोहोचली का, यासाठी दोन चांगल्या पद्धती आहेत. एक एमआरआय. शरीरातल्या पाण्याच्या रेणूंकडून एमआरआयला जो संकेत मिळतो, त्याची वारंवारता तापमानाबरोबर किंचित सरकते. ती सरकन मोजून सुई न टोचता आतल्या तापमानाचा नकाशा काढता येतो. दुसरी पद्धत मला फार आवडते. वीज चमकते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा एका क्षणात तापून फुगते आणि गडगडाट होतो. सोन्याच्या कणावर लेसरचा अतिशय छोटा झटका टाकला की तसाच, पण कानाला न ऐकू येणारा, गडगडाट होतो. सोनोग्राफीसारख्या यंत्राने तो ऐकायचा आणि त्यावरून चित्र काढायचे. याला फोटोअकूस्टिक चित्रण म्हणतात. प्रकाशातून आवाज निर्माण होतो हे टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली पाहिले होते. पाण्याने भरलेले मांस जसे तापते तसा हा आवाज वाढतो, म्हणून एकाच चित्रातून सोने कुठे आहे आणि तिथली ऊब किती वाढली, या दोन्हींचा अंदाज येतो. मर्यादा एकच, पण मोठी. प्रकाश आत गेला तरच आवाज बाहेर येणार आणि प्रकाश काही सेंटिमीटरच्या पलीकडे जात नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: औषध सुटले का? इथे सोन्याचा एक विचित्र स्वभाव कामाला येतो. डॉक्सोरुबिसिन योग्य प्रकाशात स्वतःच नारिंगी-लाल चमकते. पण तो रेणू सोन्याला अगदी खेटून बसला असेल तर सोने त्याची चमक गिळून टाकते. म्हणजे कणावर बसलेले औषध काळोखात असते. कण तापला, पकड सुटली, औषध दूर गेले की त्याला पुन्हा चमक येते. चमक दिसली म्हणजे औषध सुटले. प्रयोगशाळेत वेगळा रंग न घालता औषधच स्वतःची बातमी देते, म्हणून या क्षेत्रातले इतके प्रयोग याच औषधावर होतात. सिस्प्लॅटिनसारखी औषधे चमकत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी खूण जोडावी लागते आणि मग खूण सुटली म्हणजे औषधही सुटले का, हा नवा प्रश्न उभा राहतो.

या चमकेचेही भांडवल करू नये. उंदराच्या कातडीखालची चमक कॅमेऱ्याला दिसते, माणसाच्या यकृतात खोल असलेली दिसत नाही. चमक कमी-जास्त होण्यात गाठीतली आम्लता, रक्त, आसपासची प्रथिने यांचाही हात असतो, त्यामुळे "सुटले" एवढे कळते, "किती सुटले" हे नेमके कळत नाही. खोल गाठींसाठी दुसरी युक्ती आहे. चरबीच्या बुडबुड्यात औषधाबरोबर एमआरआयला दिसणारा गॅडोलिनियम भरायचा. बुडबुडा बंद असताना बाहेरचे पाणी त्याला फारसे भेटत नाही, म्हणून संकेत मंद असतो. बुडबुडा उघडला की संकेत उजळतो आणि त्यावरून सोबतचे औषध किती सुटले याचा अदमास बांधता येतो.

न पाहता केलेल्या उपचाराचा धडा

एवढा खटाटोप कशासाठी, औषध देऊन मोकळे का होऊ नये, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका महागड्या अपयशात आहे. त्यात सोने नव्हते, पण तत्त्व हेच होते. थर्मोडॉक्स नावाचे औषध म्हणजे चरबीच्या बुडबुड्यात बंद केलेले डॉक्सोरुबिसिन. तापमान ४० अंशांच्या थोडे वर गेले की बुडबुडा गळू लागतो. यकृताच्या कॅन्सरमध्ये सुईने गाठ तापवून जाळतात, त्यासोबत हे औषध देऊन ७०१ रुग्णांवर चाचणी झाली. कल्पना देखणी होती. २०१३ च्या जानेवारीत निकाल आला: औषधाची जोड दिल्याने आजार पुन्हा बळावण्याचा काळ लांबला नाही. मग आकडे उलटसुलट तपासताना दिसले की ज्यांची गाठ ४५ मिनिटे किंवा जास्त तापवली होती त्यांना फायदा झाला असावा. त्या आशेवर ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी झाली. २०२० साली तिथेही फायदा दिसेना, म्हणून हात आखडता घेतला गेला.

याच औषधाचा तिसरा प्रयोग ऑक्सफर्डला झाला, फक्त दहा रुग्णांवर. यकृतातली गाठ बाहेरून केंद्रित ध्वनिलहरींनी हळुवार तापवली, आणि गाठीचे तुकडे काढून त्यात औषध किती उतरले हे मोजले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तापवल्यावर गाठीतले औषध सरासरी ३.७ पट वाढले होते.

या तिन्ही चाचण्या शेजारी ठेवून पाहा. बाराशेहून जास्त रुग्णांच्या दोन मोठ्या चाचण्यांत शेवटी "फायदा झाला नाही" एवढेच हाती लागले. औषध गाठीत उतरलेच नाही, की उतरूनही उपयोग झाला नाही, हे त्यातून उलगडत नाही. दहा जणांच्या चाचणीने निदान पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले, कारण तिथे कोणीतरी माती ओली झाली का ते पाहिले. अपयश आले तरी चालते, विज्ञान त्यातूनच शिकते. पण का अपयश आले हेच कळले नाही तर रुग्णांनी दिलेली जोखीम वाया जाते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे. उष्णतेवर सुटणाऱ्या औषधाची चाचणी माणसांवर करायची असेल, मग वाहन सोन्याचे असो की चरबीचे, तर प्रत्येक रुग्णात औषध कुठे आणि साधारण किती सुटले हे पाहण्याची सोय आराखड्यातच असली पाहिजे. त्याने खर्च वाढेल. पण न पाहता केलेली मोठी चाचणी त्याहून महाग पडते.

सोन्याच्या कणांची माणसांतली आजची स्थितीही सांगतो, म्हणजे चित्रफितीचे वजन कळेल. २०१९ साली अमेरिकेतून प्रोस्टेटच्या कॅन्सरवरचा प्राथमिक अनुभव प्रसिद्ध झाला. सोन्याचे कवच चढवलेले कण नसेतून देऊन, नंतर लेसरचा तंतू गाठीत घालून १६ जणांवर उपचार केले. १५ जणांत ठरवलेला भाग जाळता आला. हे मोलाचे पाऊल आहे. पण तिथेही काम उष्णतेचे होते, औषध सोडण्याचे नव्हते. सोन्यावरून औषध नेणे, ते तापवून सोडणे आणि सुटताना पाहणे, या तिन्ही गोष्टी एकत्र साधणारे काम आज प्रामुख्याने प्रयोगशाळेत आणि उंदरांत आहे. रुग्णालयाच्या औषध-खिडकीवर ते नाही.

आपला आजार, आपल्या प्रयोगशाळा

तरीही हे काम आपल्याकडे व्हावे असे मला वाटते, त्याला कारण आहे. प्रकाश फार खोल जात नाही, ही मर्यादा यकृतासाठी मोठी आहे. गालाच्या आतल्या बाजूला, जिभेच्या कडेला, हिरडीवर ती तेवढी आड येत नाही. तोंडात लेसरचा तंतू नेता येतो, चमक पाहणारा कॅमेरा नेता येतो. भारतात तोंडाच्या कॅन्सरचे दरवर्षी सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण सापडतात आणि पुरुषांत हा सर्वाधिक आढळणारा कॅन्सर आहे. पाश्चात्त्य कंपन्यांना या आजाराची घाई असण्याचे कारण नाही. आपल्याला आहे.

प्रयोगशाळेतून खाटेपर्यंतचा रस्ता आपल्याला पार करता येतो, हेही दिसले आहे. पवईची आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्याच सहकार्यातून रक्ताच्या काही कॅन्सरवरची सीएआर-टी पेशी उपचारपद्धती तयार झाली. तिला २०२३ साली देशाच्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि परदेशातल्या किमतीच्या जवळपास एक दशांशात ती उपलब्ध झाली. सोन्याच्या कणांवरचे उंदरांतले काम तिथेच थांबू नये, यासाठी दीर्घ मुदतीचा निधी लागेल, कणांचा शरीरात वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागेल आणि चित्रण करणारे अभियंते व गाठ हाताळणारे शल्यविशारद एका टेबलाशी बसवावे लागतील.

इथे एक खबरदारीही. सोन्याच्या कणांवर संशोधन चालू आहे म्हणून सोन्याची भस्मे, वर्ख किंवा "नॅनो गोल्ड" नावाच्या बाटल्या घेतल्याने कॅन्सर बरा होतो, असे मुळीच नाही. प्रयोगशाळेतल्या कणाचा आकार, थर, मात्रा आणि त्यावर पडणारा प्रकाश हे सगळे जुळले तरच तो तापतो. पोटात गेलेले सोने काळोखात पडून राहते. आमच्याकडे अशा बाटलीत पैसे आणि दोन-तीन महिने घालवून आलेले रुग्ण आहेत. पैसे पुन्हा मिळवता येतात.

तोवर काय?

आता दुसरा प्रश्न, थांबायचे का? तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात असताना शस्त्रक्रियेने, गरजेनुसार किरणोपचाराच्या जोडीने, बरा होण्याची शक्यता चांगली असते. गाठ मानेच्या ग्रंथींत उतरली की ती झपाट्याने कमी होते. थांबण्याची किंमत महिन्यांत मोजली जाते आणि सोन्याच्या कणांची वाट वर्षांत. हे गणित जुळत नाही.

आणि पाहिल्याशिवाय उपचार नाही, हा जो धडा नॅनोकणांनी शिकवला, तो आपल्या गावपातळीवर आजच लागू होतो. तिथे यंत्र लागते ते बॅटरीचे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. लेसर नाही, सोने नाही. उजेड, आरसा आणि शिकवलेली नजर.

आपल्याकडे उपकेंद्रे आहेत, आशाताई आहेत, तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम कागदावर आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरच्या अनेक उपचारांचा खर्च शासन उचलते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बायोप्सी घेण्याची आणि पंधरा दिवसांत तिचा अहवाल रुग्णाच्या हातात देण्याची हमी मिळाली, तर नंदुरबारसारख्या जिल्ह्यात कितीतरी गाठी लहान असतानाच सापडतील. मुंबईच्या प्रयोगशाळेला निधी हवा आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या उपकेंद्रालाही. एकाचे काढून दुसऱ्याला देण्याची ही बाब नाही. उद्या सोन्याचा कण खरोखर आला, तरी तो ज्याच्या गालात पाठवायचा त्याचा चट्टा वेळेवर कोणीतरी पाहिलेला असला पाहिजे.

वाचकांसाठी नेमके सांगायचे तर: तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास, विनाकारण हलू लागलेला दात, मानेत लागणारी गाठ, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. तंबाखू, गुटखा, मिश्री लावणाऱ्यांनी महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात स्वतःचे तोंड पाहावे. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नये. सुरुवातीला ते दुखतच नाही.

आबांची बायोप्सी त्याच दिवशी घेतली. अहवालात कॅन्सर निघाला, पण गाठ लहान आहे आणि मानेत काही लागत नाही. पुढच्या उपचारासाठी त्यांना मुंबईला पाठवले आहे. कागदपत्रे नातवाने स्वतः लावून घेतली आणि जाताना मला विचारले, "सर, हे सोन्याच्या कणांचं शिकायचं असेल तर कुठे जावं लागतं?" मी त्याला पवई आणि खारघर हे दोन पत्ते सांगितले. खारघरची वाट त्याला तशीही समजून घ्यायची आहेच, कारण आबांना सोडायला तोच जाणार आहे.